साधा

दिवा जेट्टीवर सगळे फ्लेमिंगोंसाठी येतात.
बोटीचं तिकीट, नारिंगी जाकिटं,
गुलाबी रांगेसमोर सेल्फी.
आम्ही दोघं त्यांच्याकडे पाठ करून उभे,
कुंपणाशी, जिथे गवत खारफुटीला भिडतं
आणि वरून हाय टेन्शनच्या तारा गुणगुणत ठाण्याकडे जातात.

हिराजी मढवी, वीज मंडळातून निवृत्त लाइनमन,
बोटानं नाही, हनुवटीनं दाखवतात.
बोट दिसलं की पाखरू बुडी मारतं, म्हणतात.

काहीतरी हललं.
एक पातं वाकलं, सावरलं.
"काय दिसलं?"
"तपकिरी."
"तपकिरी तं ही खाडी पन हाय."

मी रबाळ्याच्या कारखान्यात शेड जुळवते, बावीस वर्षं.
तपकिरीच्या सतरा छटा मला नंबरानिशी पाठ.
ट्यूबखाली जुळलेली जोडी
उन्हात नेली की फारकत घेते,
हे रोज बघते,
तरी इथे येऊन रंगावरच भिस्त ठेवते.

"रंग शेवटी," हिराजी म्हणतात.
शिंपी आधी बाजूला काढायचा:
टाळूवर गंज, पाठ हिरवट, शेपटी उभी,
आणि घसा असा की एवढ्याशा अंगाला शोभू नये.
त्याला आमच्या सोसायटीतली जास्वंदही चालते.
थंडीत वेळूत उतरणारा पाहुणा तर दिसतच नाही,
आतून नुसता चक्, चक्,
कुणाच्या तरी दुःखावर जीभ चुकचुकावी तसा.
राखी वटवट्याचं डोकं राखेचं, पोट बदामी, डोळा लालसर,
आणि दचकून उडाला की अंगातून चटचट,
ओल्या इन्सुलेटरवर ठिणगी चालावी तशी.
"पयल्यांदा आयकला तवा मी वर तारांकडंच बगितलं."

मग उरतो साधा.
पुस्तकातही नाव तेच, साधा वटवट्या.
फिकट भुवई. लांब शेपटी,
पण गवतात ती अख्खी दिसते कुठे?
बाकी सांगण्यासारखं काही नाही,
आणि तीच म्हणे खूण.
कारखान्यात अशा कापडाला आम्ही कोरं म्हणतो
आणि घाईघाईनं टाकीत बुडवतो.

पुन्हा हललं.
या वेळी देठाच्या टोकाशी, अर्धा क्षण.
भुवई होती, की ऊन?
आणि मग आवाज,
बारीक, कोरडा, थांबायचं नाव नाही,
कंगव्याच्या दातांवरून कुणी नख फिरवतंय.

मी वळले. हिराजी अजून हनुवटी वर करून
वाट बघत होते.
आवाज त्यांच्यापासून चार हातांवर.

"बोलला काय?"
"बोलतोय."
ते गवताकडेच बघत राहिले.
"दोन वर्सं झाली, ह्याचा सूर मना येत नाय.
तारांचा येतो. बोटीचा येतो. ह्याचा नाय.
तू सांग. कसा?"

माझ्याकडे आवाजांचे नंबर नव्हते.
कंगवा, मी म्हटलं.
"नख लावून?"
"हो."
"सरल जातो का मदीच तुटतो?"
मला माहीत नव्हतं.
डोळे मिटून ऐकायला लागले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा,
तोच धक्क्यावरची बोट सुरू झाली,
डिझेलचा धूर, पोरांचा गलका,
आणि गवत नुसतं गवत.

वहीत लिहिलं: ऐरोली, आठ दहा, ओहोटी.
वटवट्या. बहुतेक साधा.
हिराजींनी पेन मागून घेतलं,
चष्मा कपाळावर सरकवून 'बहुतेक'खाली रेघ ओढली,
जरा वाकडी.

"चल," म्हणाले, "पानी उतरलंय, तिकरं बांधावर जाऊ.
तिथं एक येतो रोज.
त्याचं नाव मना पन म्हाईत नाय."