कुरकुर

ओत्ताव्हियो गेला तेव्हा भांडण झालं नाही.
झालं असतं तर बरं,
निदान दोष कुणाच्या तरी नावावर टाकता आला असता.
जेनोव्हाच्या बंदरामागचं ते तळघर,
वर मासळीचं दुकान, खाली आम्ही;
त्याने ऑर्गनचा स्विच खाली केला,
आतल्या दिव्यांची ऊब निवेपर्यंत थांबला,
मग म्हणाला, सोमवारपासून
सासऱ्याच्या फरशीच्या कारखान्यात जातोय.
फियोरेन्झोने विचारलं, आणि तिसरा भाग?
तो तुम्ही संपवा, म्हणाला,
आणि कोट उलटा घालून जिना चढला.
अस्तर दिसत होतं.
कुणी सांगितलं नाही.

तिसरा भाग अजून संपलेला नाही.

बँड त्याने काढलेला, नावही त्याचंच :
'मिठाचं व्याकरण'.
अर्थ विचारला की खांदे उडवायचा.
आता मुलाखतीत अर्थ आम्ही सांगतो,
दर वेळी वेगळा,
आणि लिहून घेणारा मान डोलावतो.

त्याच्या जागी दानिलो आला. वय एकोणीस.
बोटं अशी, की चुकीला शिरायला फट नाही.
पहिल्याच दिवशी ऑर्गनपुढच्या स्टुलाला
त्याने तेल घातलं,
शिवणयंत्राच्या छोट्या कुपीतलं,
आमच्यावर उपकार म्हणून.

आणि मी सम चुकलो.

एकदा नाही, तीनदा.
सातावरून अकरा मात्रांवर वळताना
ओत्ताव्हियो वरच्या पट्ट्यांकडे झुकायचा,
स्टूल कुरकुरायचं,
माझे हात उठायचे.
सहा वर्षं हे असं चाललं होतं
आणि मला पत्ता नव्हता.
लोक म्हणायचे, एर्मान्नो म्हणजे घड्याळ.
कसलं घड्याळ!
एका सैल स्क्रूकडे कान लावून बसलेला माणूस.

मग सात मात्रा गेल्या.
आधी एकाच गाण्यातून, तात्पुरत्या म्हणून,
पाहुणा ताटावरून उठतो तशा संकोचत.
चार आल्या आणि ऐसपैस बसल्या.
तेवीस मिनिटांचं नऊ झालं,
नवाचं साडेचार;
रेकॉर्ड कंपनीचे बाचिगालुपो बोटाने
टेबलावर ठेका धरून म्हणाले, अस्संच.
तोरीनोत पहिल्यांदा लोक नाचले.
पूर्वी कुणी नाचत नसे,
सातावर नाचायला एक पाय आखूड लागतो.
पूर्वी लोक डोळे मिटून बसत,
आणि काही खरोखरच झोपत.

पैसे आले. आईला फ्रीज घेतला.
हॉटेलात प्रत्येकाला वेगळी खोली,
कुणाच्या घोरण्याचा ताल
कुणाला ऐकू येत नाही.
तक्रार करायची तर कशाची?

सावोनाला तो आला.
तिकीट काढून. खांबाशी उभा,
खांद्यावर मुलगी, तिच्या कानांत कापसाचे बोळे.
नंतर मागे येऊन म्हणाला,
छान झालं. आवाज स्वच्छ आहे.
स्वच्छ म्हणताना तळवा आडवा फिरवला त्याने,
फरशीवरून फिरवावा तसा.
मग सवयीने स्टुलावर टेकला,
वळला,
आणि काहीच वाजलं नाही.

त्याने खाली पाहिलं. मग माझ्याकडे.
मी तेल घातलं, दानिलो म्हणाला, कौतुकाच्या आशेने.
बरं केलंस, तो म्हणाला.
मुलीला झोप आली होती, ते गेले.

रात्री ट्रकमध्ये, ढोलांच्या पेट्यांमागे,
सगळे पेंगत असताना
मी पान्याने त्या स्टुलाचा स्क्रू
अर्धा आटा सैल केला.
बसून पाहिलं.
आवाज आला,
पण तो दुसराच कुठलातरी होता, चिरका,
नव्या चपलेसारखा.

कुनेओ यायच्या आत
परत आवळून टाकला.