पहिल्या पाण्याचा

डिसेंबर. याकुत्स्क. बाहेर उणे सत्तेचाळीस.
दार उघडलं की आधी धुकं आत येतं, मागून गिऱ्हाईक.
हा म्हातारा त्या धुक्यातून आला,
मिशीवरचा बर्फ वितळेपर्यंत गप्प उभा राहिला,
मग म्हणाला, हिरा घ्यायचाय. एकच. लहान.

मी रोजची टकळी सुरू केली:
बघा आजोबा, हा अगदी पहिल्या पाण्याचा...
'पाणी?' त्याने मध्येच तोडलं,
'मग दाखव. पाण्यातलं मला कळतं.'

नाव प्रोकोपी. लेनापलीकडच्या गावात
चाळीस हिवाळे तळ्यावरचा बर्फ कापून विकतो.
लोक अंगणात लाद्या रचून ठेवतात,
लागेल तशी एकेक घरात आणून वितळवतात.
तोच चहा, तेच सूप, बाळाची आंघोळही तीच.

'लादी उन्हाकडे धरायची,' तो म्हणाला,
'पलीकडचा माणूस ओळखू आला, तर पिण्याची.
दुधाळ असेल तर जनावरांना.
निळसर चांगली. पिवळी झाक दिसली
की समजायचं, खाली गवत कुजलंय.
बुडबुडे चालतात. चीर चालत नाही.
चीर विकत घेताना दिसत नाही,
दारात उतरवताना दिसते.'

अकरा वर्षं मी लोकांना हेच समजावतेय,
गुळगुळीत भाषेत, तक्ता पुढे धरून.
इतकं थोडक्यात कधी जमलं नाही.

भिंग दिलं, दहापट मोठं दाखवणारं.
डोळ्याशी कसं धरायचं ते सांगावं लागलं,
थांबायचं कसं, ते नाही.
चिठ्ठी मीच वाचत होते: पैलू सत्तावन्न,
रंग तीन, निर्मळता पाच...
तो ऐकत नव्हता.
'इथे पीस अडकलंय,' म्हणाला.
(आमच्या धंद्यातही त्या डागाला पीसच म्हणतात,
हे त्याला कुणी सांगितलं?)
'मधे असतं तर चाललं असतं. हे काठाला आहे.
ठोकर लागली की इथूनच जाईल.'

दुसरा काढला. पुरा अर्धा कॅरट.
त्याच्याशेजारी त्याचाच भाऊ, अठ्ठेचाळीस सेंट,
वजनात दोन सेंट कमी,
किमतीत मात्र पाचवा हिस्सा.
'फरक कुठे दिसतो?'
'पावतीवर,' मी म्हणाले,
आणि मालक आत आहेत का, ते बघितलं.

मग तो म्हणाला, 'हे दिवे घालव.'

कपाटातले दिवे आम्ही घालवत नाही.
त्या दिव्यांखाली काचसुद्धा लाजून चमकते.
पण घालवले.
दुपारचे दोन. खिडकीत सूर्य
छपरांच्या वर जेमतेम वीतभर.
माझं अख्खं कपाट एकदम म्हातारं झालं,
ओळीनं बसलेले सगळे राखाडी.
अठ्ठेचाळीसवाला तेवढा
त्या चिमूटभर उजेडाचा हिशेब
पै न पै परत करत होता.

त्याने तो चिमट्यात धरून त्यावर श्वास सोडला.
वाफ बसली, आणि मी 'एक' म्हणायच्या आत गेली.
'श्वास धरत नाही,' तो पुटपुटला.
'म्हणूनच खरा,' मी म्हणाले.
बराच वेळ काही बोलला नाही.

पैसे मोजले, लोकरी हातमोज्यातून, ऊबदार नोटा.
बोटाचं माप?
खिशातून जाळं विणायचा दोरा काढला.
त्यावर दोन गाठी: बाहेरची जुनी, मळून काळी;
आतली कालपरवाची असावी.
'कुठली धरू?'
'आतली.'
मापकाठीवर ओढून बघितला.
साडेचौदा. एखाद्या मुलीचं बोट.

सवयीनं बोलून गेले,
थोडी सैल ठेवू का, आजोबा?
उन्हाळ्यात बोटं फुगतात.

टोपीचे कान बांधता बांधता
तो म्हणाला, 'नको.
उन्हाळ्याचं धरू नकोस.'