आकडे

चोपड्याला रुजू झालो तेव्हा वय तेवीस, बूट कोरे.
साहेब चहाचंही न विचारता म्हणाले,
"आज आकडे काढायचेत."
मी खिशातून पेन काढला.
लुकमान तडवी हसला,
त्याने बांबू उचलला.

मग वस्तीमागून वस्ती.
उघड्या तारेवर घराघरांतून टाकलेले वाकडे हूक,
खाली पंखे, एक टीव्ही, एका ठिकाणी नुसता
बाळाच्या झोळीवरचा दिवा.
तो आकडा लुकमानने सगळ्यांत शेवटी काढला.
संध्याकाळी परतताना त्या खांबाकडे
आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं.
पहिल्या उन्हाळ्यात, सत्तेचाळीस अंशांत,
केळीच्या बागेतल्या डीपीखाली त्याने शिकवलं:
"फोन सांगस लाईन बंद शे. सांगू दे.
तार कोनी सगी नही ऱ्हास, साहेब.
तिले इचार."
आधी काठी, मग अर्थिंगची साखळी,
मग हाताची मागची बाजू.
तळवा नाही. तळवा पकडतो, सोडत नाही.

हे कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

पुढे खात्याची परीक्षा, बढती, शहादा;
सिलिका जेल निळ्याचं गुलाबी होताना पाहत
तीन पावसाळे.
जळालेला ट्रान्सफॉर्मर ट्रॅक्टरवर बांधून नेणारी माणसं,
पुढे मिरवणुकीसारखी पोरं.
साक्री. मग धुळे.
बायकोने प्रत्येक गावी नळाची वेळ पाठ केली,
मी फीडरांची नावं.
मुलीने निबंधात लिहिलं, अंधार पडला की
आमचे बाबा घराबाहेर जातात.

आता जळगाव. खोलीत एसी.
दर महिन्याला बैठक, गळती किती, वसुली किती.
वरून आदेश येतो, आकडे काढा,
आणि मी खरंच पेन काढतो.
भिंतीवर पडदा. त्यात लाल म्हणजे चालू,
हिरवं म्हणजे बंद;
पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं.

परवा रात्री दोनला नूतन बाविस्करचा फोन,
चोपडा ग्रामीण, नोकरीचा अकरावा महिना.
"सर, खांबाखाली आहोत. बंद आहे ना?"
पडदा हिरवा. परमिट सहीसकट समोर.
हो म्हणायला तोंड उघडलं
आणि म्हणालो, "तिले इचार."
"काय, सर?"
"काठी लाव आधी."

फोनमधून वारा, केळीची फाटकी पानं.
मग चट्.
टाळूला लावलेली जीभ सुटावी, तेवढंच.
कुठल्या तरी लग्नघरच्या जनरेटरची वीज
उलट्या वाटेने वर चढलेली.

बराच वेळ ती बोलली नाही.
मी इकडे माझी बोटं मोजत होतो.
मग: "सर, होती."

सकाळच्या अहवालातले रकाने यंत्रच भरतं:
वेळ, बेचाळीस मिनिटं, बाधित ग्राहक.
एकच अजून हाताने भरायचा असतो, अपघात.
तिथे लिहिलं, निरंक.
मग लुकमानला फोन लावला.
उचलला नाही.
पेन्शनीत गेल्यापासून
उशिरा उठतो म्हणे.