दोरा बदलायचा दिवस

पहाटे साडेपाचला चिनीकाजी सुरी घेऊन गच्चीवर जातो.
ललितपूरच्या थंडीत निवडुंगाचा चीक उशिरा सुटतो.
तो बोटांवर फुंकर घालत थांबतो,
मग वाटीत पांढरे थेंब धरतो
आणि जिना उतरताना माझ्याशीही बोलत नाही.

अकरा लेप नुसत्या चिकाचे,
सात चिकाचे नि क्षाराचे,
वरून तीन हळदीचे.
दिवसाला एकच.
घाई केली की पापुद्रा सुटतो,
आणि एकवीस दिवस
पुन्हा पहिल्यापासून.

क्षार आघाड्याचा.
ऋषिपंचमीला बायका इथं त्याच्या काड्यांनी दात घासतात,
तीनशे पासष्ट काड्या, वर्षातल्या दिवसाला एक.
उरलेल्या जुड्या मी मागून आणते,
वाळवते, जाळते,
राखेचं पाणी गाळून आटवते.
तळाशी राहतं ते मिठासारखं दिसतं.
चाखू नये.

डिलमान घले ट्रक चालवतो, वीरगंज ते काठमांडू.
चार वर्षं एका कुशीवर बसून.
सीटवर बायकोच्या जुन्या साडीच्या घड्या.
बायकोला सांगितलं होतं, मूळव्याध.
आईला, काही नाही.
मला सांगताना
तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलला.

मोठ्या इस्पितळात दोनदा कापलं होतं.
एमआरआय पाहिला मी;
त्या सर्जनच्या हाताला नावं ठेवण्यासारखं
काही नव्हतं त्यात.
वाट पुन्हा फुटली, एवढंच.

मी आधी एषणी उचलली नाही.
विचारलं, जेवतोस कधी?
म्हणाला, रात्री दोनला, मुगलिंगला, उभ्यानं.
उभ्यानं का?
त्यावर तो गप्प.
मग मीही.

भुंग्यानं पोखरलेल्या लाकडावर
मी एषणी चालवायला शिकले,
भोपळ्यावर छेद घ्यायला.
पण लाकूड श्वास रोखून धरत नाही,
भोपळा दर गुरुवारी परत येऊन
"किती राहिलं?" विचारत नाही.

जुन्या दोऱ्याला नवा बांधायचा,
हलकेच ओढायचा,
जुना बाहेर, नवा त्याच्या जागी.
पुढून कापत जातो तो,
मागून मांस भरत येतं.
आठवड्याला अर्धा सेंटिमीटर, कधी जरा जास्त.
निघालेला दोरा मी पट्टीवर मोजते,
डिलमान आकडा लायसन्सच्या पाकिटात लिहून ठेवतो,
डिझेलच्या हिशेबाखाली.

त्याच बाकावर हीराकेशरी शाक्य बसल्या होत्या,
शाळेत गणित शिकवणाऱ्या.
बोटाला काहीतरी टणक लागलं.
मी हातमोजे काढले
आणि त्याच दुपारी त्यांना टॅक्सीत घालून
मोठ्या इस्पितळात नेलं.
वाटेत त्यांनी एकदाच विचारलं,
"तुमच्याकडे नाही का हो होणार?"
बागमतीच्या पुलावर फार गर्दी होती.
मी "नाही" म्हणाले ते त्यांना ऐकू गेलं की नाही
मला माहीत नाही.
परतले तर चिनीकाजीनं लेप दिलेला नव्हता,
कपाटात दोरे कोरडे ताणलेले.
मी ओरडले त्याच्यावर.
मग दिवा लावून मीच बसले लेप द्यायला.

आठव्या गुरुवारी डिलमान आला नाही.
दरड कोसळली होती,
कृष्णभीरच्या अलीकडे दोनशे ट्रक.
फोनवर म्हणाला, आग होतेय.
मी म्हटलं, कोमट पाणी मिळेल का कुठे?
मिळालं.
चहावालीनं घमेलं दिलं,
आणि बाकीचे ड्रायव्हर, न सांगता,
ट्रकच्या आडोशाला पाठ करून उभे राहिले.
हे सांगताना त्याचा आवाज बदलला.
घरी कळवलंस का? मी विचारलं.
म्हणाला, तीच तर बोलली आधी.
साडी कुठे जाते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी,
नागढुंग्याचा चढ चढताना
दोरा आपोआप गळून पडला.
त्यानं गाडी बाजूला घेतली आणि फोन केला:
"डॉक्टर, याचं करू काय?"

कुठल्याच पाठात हे शिकवलं नव्हतं मला.
टाकून दे म्हटलं.
पलीकडून थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं.
"किती लांब आहे, मोजू का आधी?"