दाव्याचा दिवा

म्हापशाच्या कोर्टामागे, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. फ्लोरिंदा कुलास आली शुक्रवारी,
बाजार ऐन भरात असताना.
पिशवीतून काढली नोटीस, मुंबईच्या वकिलाच्या सहीची,
लिस्बनच्या मालकाच्या वतीने,
आणि सार्डिनचा एक डबा. पुरावा म्हणून.
डब्यावर पिवळा कंदील. कासा फारोल.

पहिल्याच ओळीत माझ्या हातून
दाव्याचा दिवा झाला. खोडला. पुन्हा झाला.

तिचा जावई तिकडे विमानतळावर सामान चढवतो.
महिन्याकाठी गावचं कुणी ना कुणी येतंच,
तेवीस किलोंत स्वतःचे कपडे चार,
बाकी सगळं दुकानाचं:
सार्डिन, ऑलिव्हचं तेल, अंजिराचा मुरंबा.
चोरीचं काही नाही, बाब. बिलं आहेत,
रांगेत उभं राहून, मोजून पैसे दिल्याची.
एकदा विकलं, की विकणाऱ्याचा हात सुटतो ना त्यावरून?
मी म्हटलं, वकील तसंच म्हणतात. आपले.
त्यांचे म्हणतात, हात सुटतो, नाव सुटत नाही.

नोटीस म्हणते, गिऱ्हाइकाची दिशाभूल होते.
‘कोणाची? कायतान मास्तराची?
तो कानाशी डबा हलवून सांगतो कितपत जुना!’
नोटीस म्हणते, उष्ण्याने माल उतरतो
आणि बदनामी आमची होते.
इथे ती गप्प बसली.
मेमध्ये तिच्या दुकानात उभं राहवत नाही, मला ठाऊक आहे.
ते मी टाइप केलं नाही.

कुणीतरी सांगितलं होतं, नाव झाक.
म्हणून नातवाच्या वह्यांची लेबलं चिकटवली
तीनशे बारा डब्यांवर.
नाव, इयत्ता, विषय.
पोरानं कंटाळेपर्यंत भरलीसुद्धा:
नाव मासा. इयत्ता तिसरी. विषय तेल.
दुसऱ्या नोटिशीत त्याचा फोटो आहे,
‘परिशिष्ट घ’.

ती कोकणीत सांगते, मी मराठीत उतरवतो,
वकील ते इंग्रजीत नेतील.
तिचं वाक्य दोन वेशी ओलांडतं
आणि पलीकडे पोचतं तेव्हा
त्यावर तिचा शिक्का नसतो.
ह्याबद्दल कुणी कुणावर फिर्याद केलेली नाही.

माझा काका सातार्ड्याचा. एकसष्टच्या आधी
रात्री तेरेखोल पोहून न्यायचा घड्याळं,
कमरेच्या पंच्यात, टिकटिक पोटाला लागलेली.
पकडला दोनदा. मार खाल्ला.
किती आणलीस, एवढंच विचारलं त्याला;
तबकडीवरचं नाव कुणाच्या मालकीचं, हे कुणी नाही.
आता ती नदी नुसती नदी आहे.
पोरं पुलावर थांबून फोटो काढतात.
वेस तिथून उठली आणि
डब्याच्या कागदावर जाऊन बसली.

फ्लोरिंदानं दीडशे रुपये दिले, सुट्टे,
आणि डबा राहू दे म्हणाली, पुरावे खूप आहेत.

घरी बायकोनं तारले आणले होते, ताजे, वाटाभर.
कोणाकडून? म्हटलं.
‘बसली होती ती, नाक्यावर.’
तेवढंच नाव त्या मालाला.
आम्ही ते खाल्ले. डबा फळीवर राहिला,
उष्ण्यानं लेबलाचा कोपरा सुटलेला,
इयत्ता तिसरीखालून अर्धा कंदील दिसतो.

जवाब सोमवारी दाखल झाला.
काल प्रत चाळताना दिसलं,
सातव्या परिच्छेदात एक दिवा तसाच राहिलाय.
‘सदरचा दिवा खोटा असून तो फेटाळण्यात यावा.’
इंग्रजीत त्याचं काय झालं असेल,
मी विचारलेलं नाही.