पाटी रंगवणारा

हमरमध्ये, म्हणजे मोगादिशूत,
आमच्या गल्लीत वाचणारे थोडे.
म्हणून वारसमे दुकानांवर अक्षरं नाही, वस्तू काढायचा.
दातांच्या डॉक्टरकडे दाढ, मुळांसकट.
न्हाव्याकडे अर्धं भादरलेलं डोकं.
खाटकाकडे उंट, तोही हसरा.
(रडका उंट कोण विकत घेईल, म्हणायचा.)

मी त्याचे डबे धुवायचे. निळा कधी पुरता निघत नसे.

मग चौकात तो ट्रक आला.

त्याबद्दल मी एवढंच सांगेन
की ढिगाऱ्याखाली दुपारभर
कुणाचा ना कुणाचा फोन वाजत होता,
आणि एकेक करून बॅटऱ्या संपल्या.

वर्षानं तिथं भिंत उभी राहिली, कोरी, पांढरी.
स्मारक करू म्हणाले. समिती झाली.
समितीचा चहा झाला.
एका पहाटे वारसमे शिडी घेऊन गेला.

चेहरे नाही काढले त्यानं.
उबाहचा थर्मास काढला, झाकणाला दोरा बांधलेला.
गुलेदच्या चपला, चौतीस जोड
आणि एक एकटी.
काहिये मास्तरांचा खडू पांढऱ्यावर पांढरा,
ऊन तिरपं झालं की दिसतो.

"दोरा लाल होता," उबाहची आई म्हणाली.
त्यानं लाल केला.
दुसऱ्या दिवशी परत आली: "एवढा नवा नव्हता."
त्यानं अंगठ्यानं मळवला.
तिसऱ्या दिवशी काही बोलली नाही,
थर्मासखाली बसून राहिली, सावली सरेपर्यंत.

एक माणूस यायचा, नुसता उभा राहायचा.
त्याच्या मुलाचं दुकान नव्हतं,
मुलगा फक्त रस्ता ओलांडत होता.
हे काही वारसमेला जमेना. आठवडाभर ब्रश कोरडा.
शेवटी भिंतीच्या पार तळाशी
त्यानं फुटपाथची कड काढली, वीतभर.
माणसानं वाकून तिच्यावरची धूळ पुसली.
धूळ खरीच होती.

काल बैदोआहून आलेली एक बाई,
शहरात नवी, कडेवर पोर,
भिंत ठोठावून म्हणाली,
"ही निळी चप्पल लहान मापात आहे का?"

वारसमे शिडीवरून उतरला.
मला वाटलं, आता सांगेल.
त्यानं पोराचं पाऊल हातात घेतलं,
बोटांनी मोजलं,
म्हणाला, "उद्या ये."

रात्री मी निळा डबा शोधून दिला.