उलट्या दिशेने, सावकाश

मशीन मधेच थांबलं. काचेआड पाणी उभं,
त्यात आईचा गाऊन, एक बाही वर करून.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणायचीही सोय नव्हती,
मुरत कुठेच नव्हतं.

वूचमधल्या आमच्या न्हाणीघरात वाकायचं म्हणजे
एक पाय टबात, एक बाहेर
आणि डोकं बेसिनखाली.
तळाशी उजवीकडे ती चिमुकली झडप,
चमच्याच्या टोकाने उचकटायची.
खाली ईस्टरच्या केकचा पसरट ट्रे,
याहून बुटकं भांडं घरात नाही.

आधी बारकी नळी, तिचं बूच.
ट्रे भरला, टबात ओतला, पुन्हा भरला.
अकरा ट्रे. मोजले, कारण मोजल्याशिवाय
मला नीट रागावता येत नाही.
वास, बरणीत महिनाभर विसरलेल्या
काकडीच्या लोणच्याच्या पाण्याचा.

मग फिल्टर. उलट्या दिशेने, सावकाश.
आट्यांत वाळू करकरली.
बाहेर आला तो दाढी वाढवून.

कपडे कुठल्याही रंगाचे धुवा, गाळ करडाच.
आईच्या गिरणीत तसं नव्हतं.
लाल सुताच्या आठवड्यात बायका लाल शिंकायच्या,
निळ्याच्या आठवड्यात उशीचे अभ्रे निळे.
ट्रॅममध्ये केसांवरून कळायचं कोण कुठल्या खात्यातली.
एकोणतीस वर्षं.
तिथल्या जाळ्या दर शनिवारी झटकायचे,
मुकादम वहीत सही करायचा.
त्याच वहीत गेनोवेफा या नावापुढे
नुसती हजेरी.

आता पलीकडच्या खोलीत तिचं यंत्र घुरघुरतं,
हवेतून प्राणवायू वेचून नाकाशी आणून देतं.
त्यालाही फिल्टर आहे, स्पंजाचा, वडीएवढा.
तो मी दर रविवारी धुते, कोमट पाण्यात,
पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबायचा.
या मशीनचा मात्र, खरं सांगते,
दोन वर्षांत आज पहिल्यांदा.

"काय निघालं?" भिंतीपलीकडून आई.
सबंध वाक्याला श्वास पुरत नाही,
म्हणून ती दोन शब्दांवर भागवते.

केसांचा आकडा. सूर्यफुलाची टरफलं.
दोन ग्रोशांचं नाणं.
माझ्या स्वेटरचं बटण, ज्याच्यासाठी मी
ट्रॅमच्या कचेरीत दोनदा जाऊन आले होते.
आणि आत, पंख्याच्या पात्याशी अडकलेलं
एक चेस्टनट.

लहानसं. पण ताजं, याच ऑक्टोबरचं,
घोड्याच्या पाठीसारखं तुकतुकीत.
झाड खाली अंगणात, बाकाशेजारी, एकच.
पोरं खिसे भरून नेतात. म्हाताऱ्याही नेतात,
खिशात असलं की सांधे धरत नाहीत म्हणे.
पोर आमच्या घरात नाही.

चौथा मजला. लिफ्ट नाही. बहात्तर पायऱ्या.
डॉक्टर कुबियाक म्हणाले होते, न्हाणीघरापर्यंत ठीक.
मी दुकानात असताना, नाकातली नळी काढून,
कठडा धरून...
किती वेळ लागला असेल?
वर येताना कुठे टेकली?
तिसऱ्या मजल्यावरच्या लुदमिवाबाईंनी पाहिलं असणार
आणि ब्र काढला नाही.

"काय निघालं?"
दारातून डोकावले. उशीला टेकलेली, नळी जागच्या जागी,
चेहरा धुतल्या तांदळासारखा.
"नाणं," म्हटलं. "दोन ग्रोश."
"मग श्रीमंत झालो," ती म्हणाली.
तीन शब्द.

जुन्या टूथब्रशने फिल्टर घासला,
पोकळीत बोट घालून पंखा फिरतो का पाहिला,
मग सुलट्या दिशेने, घट्ट, पण फार नाही.
पाणी खळखळत उतरलं.
या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या जमिनीखाली, नळांत पुरलेल्या.

गाऊन वाळला तेव्हा
चेस्टनट पुसून त्याच खिशात ठेवलं.
जिन्याच्या वळणावर एक स्टूल नेऊन ठेवलं.
दुसऱ्या दिवशी, खालच्या वळणावर आणखी एक.
कुणी विचारलंच तर
कुंडीसाठी.